सात वेळा पुसलेली तीट

मी एक जुनी काजळाची डबी आहे. पितळेची, बसकी, अंगठ्याच्या पेराएवढी उंच. माझ्या झाकणावर मोर कोरलेला होता, पण इतक्या वर्षांच्या घासण्यात त्याचा पिसारा झिजला आणि आता तो कोंबडा दिसतो. सध्या माझा मुक्काम सिंगापूरला आहे, पुंगोलमध्ये, अकराव्या मजल्यावरच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये.

मित्रांनो, डबीला काय दिसणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण माझा सगळा जन्म डोळ्यांच्या सेवेत गेला आहे, त्यामुळे डोळे कसे असतात हे मला विचारा. माझी एक पक्की समजूत होती. जगातले सगळे डोळे तान्ह्या मुलावर टपलेले असतात आणि त्याला त्यांच्यापासून वाचवणारी मी एकटीच. मार्च महिन्यातल्या एका शनिवार-रविवारी चीनमध्ये त्या समजुतीचा पार चुथडा झाला. तेव्हापासून मी गोंधळलेली आहे. माझी कहाणी सांगता सांगता मलाच काही उमगतं का ते बघू.

माझा जन्म चिपळूणचा, एका कासाराच्या हातचा. त्याने मला घडवलं, चिंचेच्या पाण्याने लखलखीत केलं आणि दुकानाच्या फळीवर मांडलं. शेजारी समया होत्या. त्या फार तोऱ्यात असत, कारण त्या देवघरात जाणार. मला मात्र ठाऊक होतं, आपण पाळण्यात जाणार. एके दिवशी एका बाईंनी भाच्याच्या बारशासाठी मला विकत घेतलं आणि दापोलीला नेलं. त्या भाच्याचं नाव प्रताप, आणि त्याच्या आईचं संजीवनी.

संजीवनीबाई शाळेत क्लार्क होत्या. कामात चोख आणि स्वभावाने कडक. शनिवारी संध्याकाळी त्या एरंडेलाचा दिवा लावायच्या, त्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरायच्या, जमलेली काजळी साजूक तुपात खलायच्या आणि माझ्यात भरायच्या. मग प्रतापच्या डोळ्यांत काजळ, गालावर एक तीट आणि तळपायाला एक. कोणी आलं आणि "काय गुटगुटीत आहे हो!" म्हणालं, की बाई हसायच्या, पण ते माणूस गेलं की लगेच पोराच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायच्या. पाहुण्यांना त्या मला दाखवून म्हणायच्या, "हिच्यामुळे माझ्या पोराला कधी साधी शिंक आली नाही." हे काही खरं नव्हतं. त्याला चांगला डांग्या खोकला झाला होता. पण स्तुती कोणाला नको असते? मीही ती गोड मानून घेतली.

पुढे प्रताप शाळेत गेला आणि पहिल्याच दिवशी नळाखाली तोंड धरून त्याने गालावरची तीट स्वतः धुतली. माझं काम संपलं. शिवणयंत्राच्या खणात बटणं, हुक आणि गंजलेल्या टाचण्यांच्या संगतीत माझी पंचवीस-तीस वर्षं गेली. मी काळी पडले. खणाच्या फटीतून कानावर येईल तेवढंच जग मला कळायचं. प्रताप जहाजावर इंजिनीअर झाला, सिंगापूरच्या एका कंपनीत लागला. त्याचं लग्न योगिनीशी झालं. योगिनीही सिंगापूरलाच नोकरीला, अलेक्झांड्राजवळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. खणात पडल्या पडल्या मला वाटायचं, आता आपली आठवण कोणाला होणार?

आणि एक दिवस खण उघडला. संजीवनीबाईंनी मला चिंच-मीठ लावून असं घासलं की अंग सोलून निघालं. योगिनीला दिवस गेले होते. ताजं काजळ भरून, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून बाई मला विमानाने सिंगापूरला घेऊन आल्या.

जाई ऑगस्टमध्ये जन्मली. तिचा बाप तेव्हा समुद्रात होता. जुलैमध्येच त्याला जहाजावर जावं लागलं होतं. सहा महिन्यांनी तो परत यायचा होता, पण त्याच्या जागी येणारा माणूस मिळेना म्हणून मुक्काम वाढला, मग आणखी वाढला. त्याने मुलीला पाहिलं ते फोनच्या पडद्यावर. एकदा तर त्याचं जहाज सिंगापूरच्या समोरून गेलं. थांबायचं नव्हतं, त्यामुळे थांबलं नाही. योगिनी जाईला घेऊन ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर उभी होती. समोर शंभर जहाजं होती. त्यातलं आपलं कोणतं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या नोकरीचंही इथे काही खरं नव्हतं. पॉलिक्लिनिकमधल्या नर्सने डोळ्यांत काजळ घालायला साफ मनाई केली. संजीवनीबाई दोन दिवस धुसफुसल्या आणि मग "निदान गालाला तरी" एवढ्यावर त्यांनी तडजोड केली. तीन महिन्यांनी त्यांचा व्हिजिट पास संपला आणि त्या दापोलीला परतल्या. घरात राहिल्या योगिनी, जाई आणि मी. योगिनी ऑफिसला जाताना जाईला खालच्या पाळणाघरात सोडायची. सुट्टीच्या दिवशी कुठे निघालं, तर एलआरटीच्या रेल्वेगाडीतही जाईकडे कोणी ढुंकून बघत नसे. सगळ्यांच्या माना आपापल्या फोनमध्ये. मग तीट लावायची तरी कोणासाठी? पण योगिनी सासूबाईंच्या शब्दाखातर रोज न चुकता लावायची.

मार्चमध्ये प्रतापचा फोन आला. जहाज माल उतरवायला चीनमध्ये, शियामेनला जाणार होतं. शनिवारी सकाळी बंदराला लागेल आणि रविवारी रात्री सुटेल. तिथून थेट ब्राझील. त्याला घरी यायला जून उजाडणार होता.

दुसऱ्या दिवशी योगिनीने ऑफिसात शुक्रवारची रजा मागितली, व्हिसाच्या मागे लागली आणि तिकिटं काढली. शुक्रवारी जायचं, रविवारी संध्याकाळी परत. सोमवारी ऑफिस. मग तिने सासूबाईंना फोन केला.

"अगं, सात महिन्यांचं लेकरू! परक्या मुलखात एकटी कशी नेशील?" संजीवनीबाई म्हणाल्या.

"आई, त्याने अजून तिला हातात घेतलेलं नाहीये. जूनमध्ये ती चालायला लागलेली असेल."

मग बाई म्हणाल्या, "डबी ने बरोबर. रोजची तीट तिथेही तूच लाव. पण तो भेटला की एक त्याच्या हाताने लावून घे. बापाच्या हातची लागत नाही तोवर माझा जीव थाऱ्यावर नाही."

शुक्रवारी लिफ्टमध्ये शेजारच्या मिसेस टॅन भेटल्या. बॅगा बघून त्यांनी डोळे मोठे केले. "चायना? अलोन विथ बेबी? यू व्हेरी ब्रेव्ह, लाह!" योगिनी हसली. मी तिच्या जॅकेटच्या खिशात होते. तिचं काळीज कसं धडधडत होतं हे मला विचारा.

शियामेनला आम्ही समुद्राजवळच्या एका छोट्या गेस्टहाउसमध्ये उतरलो. मालकीण साठीच्या पुढची, नाव लिन. सिंगापूरच्या सवयीने योगिनी तिला लगेच आंटी म्हणू लागली. लिन आंटीला इंग्रजी येत नव्हतं आणि योगिनीला चिनी. दोघींच्या मध्ये आंटीचा फोन बोलायचा. आंटी चिनीत बोलली की फोन इंग्रजीत बोले.

शनिवारी सकाळी योगिनीने जाईला न्हाऊ घातलं, नवं झबलं चढवलं आणि माझ्यात बोट बुडवून गालाला ठसठशीत तीट लावली. बाप येणार होता ना! इतक्यात प्रतापचा मेसेज आला. समुद्रावर दाट धुकं पसरलं आहे, बंदर बंद आहे, जहाज बाहेरच नांगर टाकून उभं आहे. कधी आत घेतील, सांगता येत नाही.

योगिनी पलंगावर बसून राहिली. लिन आंटी नाश्त्याला बोलवायला आली, तिने जाईला उचललं आणि ओल्या फडक्याने गालावरची तीट खसकन पुसून टाकली. योगिनी "नो, नो" करत उठेपर्यंत कारभार आटोपला होता. आंटी फोनमध्ये काहीतरी बोलली. फोन म्हणाला, "बेबी फेस डर्टी. आय क्लीन."

मी थक्क झाले. मित्रांनो, पस्तीस वर्षांच्या आयुष्यात मला कोणी घाण म्हटलं नव्हतं. योगिनीने फोनमध्ये समजावून सांगितलं की ही मुद्दाम लावलेली आहे, नजर लागू नये म्हणून. आंटीने ते ऐकलं, मान डोलावली, खो खो हसली आणि जाईची विजार खाली ओढून घोटे झाकायला लागली. तेवढ्या तिटेपेक्षा पोरीच्या पायांत मोजे नाहीत हे तिला जास्त भयंकर वाटत होतं. सिंगापूरच्या उकाड्यात जन्मलेल्या जाईने मोजे कधी पाहिलेही नव्हते. आंटीने कुठून तरी लाल लोकरी मोज्यांचा जोड आणून तिच्या पायांत चढवला.

खोलीत बसून धुकं थोडंच हटणार होतं? योगिनी जाईला पोटाशी बांधून बाहेर पडली. आणि मग जे सुरू झालं त्याने माझी दाणादाण उडाली.

समुद्राच्या कडेच्या फरसबंद रस्त्यावर सुट्टीची गर्दी होती. एका बाईने जाईला पाहिलं, किंचाळून मैत्रिणीला हाक मारली आणि दोन मिनिटांत आमच्याभोवती कडं झालं. परदेशी बाळ! मोठमोठे डोळे, कुरळं जावळ! कोणी फोटो काढतंय, कोणी गाल धरतंय, कोणी अंगठा उंचावून योगिनीला शाबासकी देतंय. आता यात परदेशी कोण, हे मला कळेना. मला तर जाई सोडून सगळेच परदेशी वाटत होते. मी डोळे मोजू लागले. चाळीस झाले, साठ झाले, पुढे मोजदाद सुटली. मनात म्हटलं, संपलं! दापोलीच्या एका पाहुणीच्या नजरेला मी पुरी पडले, पण या एवढ्या नजरांपुढे माझं काय चालणार? त्यात ज्या ज्या बाईने जाईला घेतलं, तिने आधी खिशातून ओला कागद काढून तिचा गाल पुसला. योगिनी बाजूला होऊन पुन्हा तीट लावायची, पुढच्या वळणावर दुसरी बाई पुन्हा पुसायची. दोन वेळा, तीन वेळा, चार वेळा. माझ्या तळाचं पितळ दिसू लागलं.

आणि जाई? ती खुशीत होती. या हातातून त्या हातात जाताना पाय झाडत होती, खिदळत होती. आजवर तिला एवढ्या हातांनी कोणी घेतलंच नव्हतं.

दुपारी योगिनी एका नूडलच्या दुकानात शिरली. दुकानातल्या बाईने काही न विचारता जाईला उचललं, तिचा गाल पुसला आणि तिला कडेवर घेऊन दारात जाऊन उभी राहिली. योगिनी पुढ्यातल्या वाफाळत्या वाडग्याकडे बघत राहिली. मग ती दोन्ही हातांनी जेवली. सात महिन्यांत पहिल्यांदा ती गरम गरम आणि दोन्ही हातांनी जेवत होती. मधेच तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिखटामुळे असेल, असं मी म्हटलं असतं, पण त्या नूडल अगदी मिळमिळीत होत्या.

संध्याकाळी प्रतापचा फोन आला.

"धुकं हललेलं नाही अजून. उद्या सकाळी आत घेतील म्हणतात."

"प्रताप, उद्या सहाला आमचं विमान आहे."

"माहितेय गं."

फोनमध्ये जहाजाची घरघर तेवढी ऐकू येत होती. योगिनीने जाईला फोनपुढे धरलं. रोज बापाचा आवाज ऐकला की ती फोनकडे झेपावायची. आज मात्र तिने भोकाड पसरलं आणि ते काही केल्या थांबेना.

साडेसातला संजीवनीबाईंचा व्हिडिओ कॉल आला. दिवसभराची हकिगत ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "एवढ्या लोकांनी हाताळली? मग रडेल नाही तर काय करेल! दृष्ट लागलीय. मीठ-मिरच्या ओवाळून जाळ आधी. जळताना ठसका लागला नाही तर समज, दृष्ट होती आणि ती निघाली."

मी मनातल्या मनात मान डोलावली. माझं तेच मत होतं. योगिनीचा यावर फारसा विश्वास नाही. पण दिवसभराच्या वाट पाहण्याने ती पार खचली होती, आणि खचलेलं माणूस सासूचंही ऐकतं. ती खाली स्वयंपाकघरात गेली. खुणा करून लिन आंटीकडे सुक्या लाल मिरच्या मागितल्या. आंटीला वाटलं, पोरीला तिखट खायची तलफ आली. तिने मूठभर दिल्या. योगिनीने मिरच्या आणि मीठ जाईवरून ओवाळलं आणि शेगडीवरच्या तापलेल्या तव्यात टाकलं. आमच्याकडे सात मिरच्या लागतात. तिने मूठभर टाकल्या.

मित्रांनो, मिरच्यांच्या धुराचा जो खाट उठला तो काय सांगू! आधी योगिनी खोकली, मग आंटी. जिन्यावरून उतरणारं एक तरुण जोडपं खोकत खोकत उलट पावली वर पळालं. मागच्या खोलीतून आंटीचा नवरा नाकाला टॉवेल लावून बाहेर आला. आंटीने एका हाताने तवा उचलून नळाखाली धरला, दुसऱ्या हाताने जाईला ओढून घेतलं आणि थेट अंगणात धूम ठोकली. या धावपळीत मी योगिनीच्या खिशातून निसटून फरशीवर आपटले. झाकणाची कड आत चेपली आणि झाकण घट्ट बसलं.

फोनमधून संजीवनीबाई ओरडत होत्या, "ठसका लागला का गं?"

"लागला! सगळ्यांना लागला, आई!" योगिनी खोकत खोकत म्हणाली.

बाई गोंधळलेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे दृष्ट नाहीच."

मी फरशीवर पडल्या पडल्या विचार करत होते. शेकडो डोळे, आणि त्यात एकही वाईट नाही? हे कसं शक्य आहे? मग मी आयुष्यभर कोणापासून कोणाला वाचवत होते? अंगणात जाई शांत झाली होती. आंटी तिला थोपटत कसलंसं गाणं गुणगुणत होती. पोर नुसती दमली होती, एवढं सोपं उत्तर बाईंना, योगिनीला किंवा मला, कोणालाच सुचलं नव्हतं.

रविवारी सकाळी योगिनीने सुरीच्या टोकाने माझं झाकण उचकटलं, तळाशी उरलेलं काजळ बोटाने निपटून जाईला लावलं आणि मला पुन्हा दाबून बंद केलं. दहा मिनिटांत आंटीने ते पुसलं. ती सातवी वेळ. योगिनीने या वेळी नो सुद्धा म्हटलं नाही.

साडेदहाला मेसेज आला की जहाज लागलं. बाराला आला, कागदपत्रांचं काम चालू आहे. एकला आला, इंजिनरूममधलं एक काम उरकल्याशिवाय निघता येत नाही. योगिनीने बॅग भरली. विमानतळाची टॅक्सी तीनला येणार होती. ती जाईला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ती बघायची आणि गाडी पुढे गेली की घड्याळाकडे.

सव्वादोनला प्रताप आला. धावतच आला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, अंगाला साबणाचा आणि त्याखाली डिझेलचा वास. हात त्याने इतके घासले होते की लाल झाले होते, तरी नखांच्या कडा काळ्याच होत्या. आत येऊन तो थबकला. शेवटी तो म्हणाला, "जाई."

जाईने आवाज ओळखला. तिने मान वळवली आणि टेबलावर पडलेल्या फोनकडे पाहिलं.

फोन काळा होता. तिने पुन्हा त्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे. तिचा ओठ थरथरला. प्रतापने पुढे होऊन तिला उचलून छातीशी धरलं, आणि तिने जो टाहो फोडला तो सबंध गल्लीने ऐकला असेल.

काल दिवसभर जी पोर कोणाकडेही गेली, ती बापाकडे जाईना. योगिनीने झटकन तिला परत घेतलं. ती शांत झाली. प्रतापने पुन्हा हात पुढे केले, ती पुन्हा रडली, योगिनीने पुन्हा घेतलं. घड्याळात अडीच वाजले.

"राहू दे," प्रताप म्हणाला. "मी नुसता बघतो तिला. बघायला मिळाली तरी खूप झालं."

मित्रांनो, मला इतकं वाईट कधीच वाटलं नव्हतं. नजर लागणं मला माहीत होतं. पण पोरीची नजर बापाला ओळखतच नाही, यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता.

योगिनीने पुन्हा एकदा जाईला त्याच्या हातात दिलं. पुन्हा रडं. योगिनीचे हात आपोआप पुढे झाले. इतक्यात लिन आंटीने तिचं मनगट धरलं. ती दारात कधीची उभी होती. तिने योगिनीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या खांद्यावर हात ठेवून शेजारी उभी राहिली. तिने फोन काढला नाही. चिनीतच काहीतरी म्हणाली, आणि ते आम्हाला सगळ्यांना कळलं.

प्रतापने रडणाऱ्या जाईला समोर गालिच्यावर बसवलं आणि स्वतः खाली बसला. काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. योगिनीला सासूबाईंचं म्हणणं आठवलं. तिने खिशातून मला काढून त्याच्याकडे सरकवलं. "आईंनी सांगितलंय, एक तीट तुझ्या हातची लाव."

त्याने झाकण उघडायला पाहिलं. उघडेना. त्याने मला उजेडात धरलं, कड निरखली, आणि इंजिनीअरचा हात तो, त्याला राहवतंय थोडंच? किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली छोटी पकड काढून तो चेपलेली कड हलके हलके बाहेर काढू लागला. थोडं वाकवायचं, झाकण फिरवून बघायचं, पुन्हा थोडं वाकवायचं. मान खाली, जिभेचं टोक दातांत. मुलीकडे बघायचंही तो विसरला.

रडण्याचे हुंदके झाले. हुंदक्यांच्या उचक्या झाल्या. जाई त्या हातांकडे बघत होती. तिला कोणी बोलवत नव्हतं, कोणी ओढून घेत नव्हतं. एक माणूस आपल्या कामात गढलेला होता, बस्स.

झाकण उघडलं. प्रतापने आत बघितलं. "रिकामी आहे गं ही."

होय, ज्या घटकेसाठी मला एवढ्या लांब आणलं त्या घटकेला मी रिकामी होते. लाजेने मेल्याहून मेले. योगिनी काही बोलणार तेवढ्यात जाई पुढे झुकली, तिचा तोल गेला आणि ती प्रतापच्या मांडीवर कोसळली. तिने त्याचा अंगठा दोन्ही मुठींत पकडला, नखाची काळी कड नीट न्याहाळली आणि अंगठा तोंडात घातला.

प्रताप हलला नाही. श्वाससुद्धा त्याने बेताने घेतला असेल. काजळाचा ठिपका नव्हता, तरी काही बिघडलं नाही. मग त्याने हळूच दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि ती पुढची वीस मिनिटं त्याच्या छातीशी टेकून, त्याच्या शर्टाची बटणं ओढत बसली. लिन आंटी डोळे पुसत आत संत्री सोलायला गेली.

तीनला टॅक्सी आली. प्रतापने जाईला टॅक्सीपर्यंत नेलं आणि योगिनीच्या हातात दिलं. त्याबरोबर जाईने मान वळवली, त्याच्याकडे दोन्ही हात पसरले आणि मोठ्याने रडायला लागली. आईच्या कडेवर असूनही रडायला लागली. योगिनी गांगरली. आणि प्रताप रस्त्याच्या कडेला उभा राहून हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हा हसतोय. पोर रडत असताना बाप आनंदाने हसतो, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

तर मित्रांनो, असा माझा गोंधळ आहे. जगातले डोळे चांगले की वाईट, याचा निकाल माझ्याच्याने लागत नाही. तुमच्या घरी एखादी जुनी डबी असेल तर तिला अधूनमधून चिंच लावून घासा, तिला बरं वाटतं. आणखी एक मागणं आहे. कोणी फार दिवसांनी, फार लांबून घरी आलं आणि तुमची धाकटी भावंडं त्याच्याकडे गेल्यावर रडायला लागली, तर त्यांना लगेच हिसकावून घेऊ नका. त्या माणसाला थोडा वेळ मिळू द्या. त्याच्याकडे आधीच फार कमी असतो.